संगणकावर बसलेला तरुण : त्याची आवड आणि आपली समजूत

आमच्या बैठकांत अलीकडे एक तक्रार हमखास ऐकू येते. आजचा शिकलेला पोरगा मोबाइलमध्ये तोंड घालून बसतो, त्याला ना चळवळीचे भान ना वाचनाचे, अशी ती तक्रार. ती करणारे बहुधा माझ्या वयाचे किंवा माझ्याहून वडील असे शिक्षक आणि कार्यकर्ते असतात. मीही ती केलेली आहे. परंतु गेल्या वर्षभरात माझ्या एका माजी विद्यार्थ्याशी जे बोलणे होत गेले, त्यामुळे ही तक्रार तपासून घेतली पाहिजे असे मला वाटू लागले. त्या तपासणीतून जे हाती आले ते येथे मांडतो आहे.

लोहारा हे धाराशिव जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुक्याचे गाव. कर्नाटक जवळ असल्याने बाजारात मराठीबरोबर कानडी आणि दखनीही कानी पडते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात या भागातली सास्तूर आणि आसपासची गावे दगडमातीच्या माळवदांखाली गाडली गेली. माझे वडील सालगडी होते. आमच्या घरातला पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. हा विद्यार्थी माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान. आई-वडील ऊसतोडीला गेले की तो आजीजवळ राहून शाळा करी. बी.एस्सी.च्या वर्गाला मी दुसरी भाषा म्हणून मराठी शिकवीत असे, तेव्हाची आमची ओळख. आज तो वेब डेव्हलपर आहे. नोकरी पुण्यातली, पण महिन्यातले काही दिवस तो गावी राहून काम करतो. त्याची आई मला म्हणाली, 'सर, दिसभर त्या डब्ब्यात काय बघलालाय, काय की. तुमीच इचारा.' म्हणून मी विचारले.

१

प्रथम त्याचे काम समजून घेऊ. वेब डेव्हलपर म्हणजे संकेतस्थळे रचणारा कारागीर. आपण मोबाइलवर एखादे पान उघडतो तेव्हा दूर कोठेतरी असलेल्या संगणकाकडे मागणी जाते आणि तेथून मजकूर व सूचना परत येतात. त्या सूचना तीन प्रकारच्या असतात. त्याने मला त्या जयंतीच्या मंडपावरून समजावल्या. वासे-बल्ल्या कोठे रोवायच्या हे एचटीएमएल सांगते : हे शीर्षक, हा परिच्छेद, ही अर्जातली चौकट. कापड, रंग आणि रोषणाई यांचे काम सीएसएसचे. आणि कळ दाबली की दिवा लागावा, नाव पुकारले की माणसाने उठावे, ही हालचाल जावास्क्रिप्टची. यात मंत्र-तंत्र काही नाही. नियम लिहिणे आणि ते नियम यंत्राकडून पाळून घेणे एवढेच आहे.

या साऱ्याची मुळे १९८९ साली आहेत. युरोपातील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी कागदपत्रे एकमेकांशी जोडण्याची एक योजना मांडली. पुढे ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र कोणालाही विनामूल्य वापरता येईल असे जाहीर केले. त्यावर मालकी सांगितली असती, तर आज ऊसतोड कामगाराच्या मुलाला पानामागची रचना उघडून शिकता आली नसती. हे तंत्र तो पुस्तक विकत घेऊन शिकलेला नाही. दुसऱ्यांनी रचलेल्या पानांची आतली बाजू वाचून तो शिकला. ज्ञान झाकून ठेवण्यावर ज्या समाजाची उतरंड उभी राहिली, त्या समाजात ही गोष्ट लहान नव्हे.

मी हे बोलून दाखवले तेव्हा तो हसला. म्हणाला, 'सर, उघडं आहे म्हणजे सगळ्यांना मिळतं असं कुठं आहे?' मला महाड आठवले. बोले ठराव १९२३ चा, महाड नगरपालिकेचा ठराव १९२४ चा. दोन्ही ठरावांनी चवदार तळे सर्वांना खुले झाले होते. परंतु पाणी ओंजळीत यायला २० मार्च १९२७ उजाडावे लागले, आणि त्यानंतरही मार खावा लागला. खुले असणे आणि पोचता येणे यांत अंतर असते. संगणकाच्या बाबतीत हे अंतर इंग्रजीचे आहे, विजेचे आहे, खोलीच्या किल्लीचे आहे. माझ्या विद्यार्थिदशेत महाविद्यालयात संगणक होते. पण धूळ बसेल म्हणून ते कुलपात असत. धूळ कोणाच्या पायांची, हे कोणी बोलत नसे.

२

त्याच्या आवडीचा पहिला विषय म्हणजे लिपी. हे ऐकून मी मराठीचा शिक्षक चकित झालो. काही वर्षांपूर्वी मी माझा प्रबंध गावातल्या एका दुकानात टंकून घेतला होता. विद्यापीठात दुसऱ्या संगणकावर तो उघडला तेव्हा मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि खुणांचा कचरा दिसला. मी रात्रभर जागून तो पुन्हा छापून आणला. तसे का झाले हे मला इतक्या वर्षांनी या मुलाने सांगितले.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. पूर्वीच्या मराठी टंकांत इंग्रजी अक्षराच्याच आकड्यावर मराठी आकार बसवलेला असे. तो टंक जवळ आहे तोवर मराठी दिसते. टंक नसेल तर खालचे इंग्रजी उघडे पडते. म्हणजे कागदावर मराठी असली तरी यंत्राच्या स्मृतीत ती कधी नोंदलीच गेली नव्हती! भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली आयएससीआयआय हे प्रमाण ठरले. जगातल्या सर्व लिप्यांना स्वतंत्र आकडे देणारे युनिकोडही त्याच वर्षी प्रथम प्रसिद्ध झाले. युनिकोडमध्ये देवनागरीच्या मुख्य विभागात १२८ जागा आहेत. त्यात 'क' चा आकडा २३२५ आहे, आणि तो पुण्यात, दुबईत आणि लोहाऱ्यात तोच राहतो.

तरीही समता आली असे म्हणता येत नाही. इंग्रजीतले साधे अक्षर साठवायला एक बाइट लागते. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला, नेहमीच्या पद्धतीने साठवल्यास, तीन लागतात. साध्या मोबाइलच्या एका संदेशात इंग्रजीची १६० अक्षरे मावतात, देवनागरीची ७०. नियम ठरवताना ज्याची भाषा समोर होती त्याला पैस जागा मिळाली, आणि जो नंतर आला त्याने दाटीवाटीने बसावे असे झाले. येथे कोणी ठरवून दुष्टावा केला असे मी म्हणत नाही. नियम रचणाऱ्याच्या नजरेबाहेर राहिलेल्या माणसाला त्या नियमाचा भार वाहावा लागतो, एवढेच म्हणतो.

त्याने दिलेले एक उदाहरण मी विसरू शकत नाही. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. वस्तीत त्याला कोणी त्या नावाने ओळखत नाही. 'ॲट्रॉसिटी' असेच म्हणतात. या शब्दाचे पहिले अक्षर 'ॲ' स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये दाखल झाले २००८ साली. तोवर 'अ' वर चंद्र ठेवून निभावून न्यावे लागे. आमच्या माणसाच्या तोंडी दररोज असलेल्या एका कायद्याचे आद्याक्षर यंत्राच्या वहीत नीट चढायला एवढी वर्षे लागली. मी मराठीत दोन पदव्या घेतल्या, पण हे मला ठाऊक नव्हते.

येथे आपल्या वाङ्मयाचाही प्रश्न येतो. आपली कितीतरी नियतकालिके, स्मरणिका आणि जयंती विशेषांक जुन्या टंकांत जुळवलेले आहेत किंवा नुसते कागदावर आहेत. आज यंत्रांना भाषा शिकवली जाते ती त्यांना वाचता येईल अशा मजकुरावरून. आपला मजकूर त्यात नसेल, तर यंत्र जी मराठी बोलेल ती कोणाची असेल?

३

त्याच्या दुसऱ्या आवडीला तो राजकारण म्हणतो. निवडणुकीच्या गप्पांना तो कंटाळतो. त्याचे राजकारण एका चौकटीपासून सुरू होते.

पहिल्या नोकरीत त्याला कोण्या ग्राहकासाठी एक अर्ज रचायचा होता. त्यात नाव आणि आडनाव अशा दोन चौकटी होत्या. एचटीएमएलमध्ये चौकटीपुढे 'रिक्वायर्ड' हा एक शब्द लिहिला की ती भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. तो शब्द काढला की सरकतो. त्याने वरिष्ठाला विचारले, आडनाव कशाला सक्तीचे? उत्तर मिळाले, ते नेहमी असतेच. 'नेहमी असतेच' हे उत्तर आपल्या परिचयाचे आहे. पाणवठ्याविषयी आणि देवळाविषयीही हेच सांगितले जात असे. फरक इतकाच की तेथे नियम रूढीने पाळला जाई आणि येथे तो एका शब्दाने यंत्राकडून पाळून घेतला जातो. महाराष्ट्रात आडनाव म्हणजे पुष्कळदा जातीचा दाखलाच. विवाह जुळवणाऱ्या संकेतस्थळांवर तर जातीची चौकट वेगळीच असते. मुलगी शोधायची जात आधी, माणूस मागाहून.

संगणकाच्या धंद्यात जात नाही, तेथे फक्त गुणवत्ता चालते, असे मोठ्या विश्वासाने सांगितले जाते. ३० जून २०२० रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या सरकारी खात्याने सिस्को या कंपनीवर आणि तिच्या दोन अभियंत्यांवर दावा दाखल केला. उच्चजातीय भारतीय वरिष्ठांनी एका दलित अभियंत्याला जातीवरून वागणुकीत भेद केला, असा आरोप होता. कंपनीने तो नाकारला. एप्रिल २०२३ मध्ये खात्याने त्या दोन अभियंत्यांवरील दावा मागे घेतला. कंपनीवरचा तेव्हा कायम राहिला. निकाल काय लागावा हा न्यायालयाचा विषय. परंतु या दाव्याने सातासमुद्रापलीकडे जात हा शब्द उच्चारावा लागला हे खरे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटल शहराने जातिभेदाला बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसे विधेयक मंजूर केले. ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरांनी ते परत पाठवले. या घटना तारखांसह त्याच्या तोंडपाठ आहेत. आपण ज्याला मोबाइलमध्ये तोंड घालणे म्हणतो, त्यातला काही वेळ हे वाचण्यात जातो.

कायद्याकडेही तो याच बाजूने आला. २०१२ साली पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या मजकुरासाठी अटक झाली. एकीने लिहिले होते आणि दुसरीने ते आवडले अशी खूण केली होती, इतकाच तिचा गुन्हा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ते ६६-अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द ठरवले. पुढे २० मार्च २०१८ रोजी त्याच न्यायालयाच्या निकालाने ॲट्रॉसिटी कायद्याची धार बोथट झाली. २ एप्रिलला भारत बंद झाला, माणसे मेली, आणि ऑगस्टमध्ये संसदेला दुरुस्ती करून कायदा पूर्ववत करावा लागला. त्या बंदची हाक आमच्याकडे भित्तिपत्रकावरून आली नाही, मोबाइलवरून आली. तो तेव्हा शाळेत होता. ती हाक वस्तीतल्या म्हाताऱ्यांना वाचून दाखवण्याचे काम त्याच्याकडे होते.

४

तिसरी आवड गाणी आणि सिनेमा. येथे आपल्यातले बुद्धिवादी नाक मुरडतात. त्यांनी आपलाच इतिहास आठवावा. सत्यशोधकांचे जलसे, मग आंबेडकरी जलसे, भीमराव कर्डक, वामनदादा कर्डक, अण्णा भाऊ साठे, विठ्ठल उमप, आणि पुढे कॅसेटमधून घरोघरी पोचलेले प्रल्हाद शिंदे. आमच्या निरक्षर आईबापांना बाबासाहेब कळले ते ग्रंथांतून नव्हे, गाण्यांतून. लोकप्रिय कला हे आमचे पहिले विद्यापीठ होते. आज ती मोबाइलमध्ये आली म्हणून हलकी ठरत नाही.

नागराज मंजुळे सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरचे, म्हणजे आमच्या शेजारचे. त्यांचा 'फँड्री' २०१३ चा, 'सैराट' २०१६ चा, 'झुंड' २०२२ चा. 'सैराट'मध्ये वर्गात बसून मोबाइलवर बोलणारा बड्या घरचा मुलगा शिकवणाऱ्या प्राध्यापकाच्या थोबाडीत मारतो. ते पाहताना थिएटरात काही जण हसले. मी हसू शकलो नाही. त्या वर्षी आमच्या भागात 'झिंगाट' वाजल्यावाचून वरात निघाली नाही. ज्या घरांत मुलगी परजातीत गेली तर तिचे काय होईल हे सर्वांना ठाऊक आहे, त्या घरांचीही पोरे बेभान नाचली. शेवटच्या दृश्यातली रक्ताने माखलेली लहानगी पावले कोणाच्या लक्षात राहिली? माझा विद्यार्थी म्हणतो, गाणे एकीकडे तोडून घेतले की ते सर्वांचे होते, गोष्ट मात्र आपलीच राहते. समीक्षेचा याहून नेमका मुद्दा मी कोणत्या चर्चासत्रात ऐकलेला नाही.

हे तोडणे कसे होते, तेही त्याने उलगडून सांगितले. चित्रफिती दाखवणारी यंत्रणा पाहणारा कशावर किती वेळ थांबतो याची नोंद ठेवते आणि थांबवून ठेवील असेच पुढे वाढते. भीमगीत ऐकले की दुसरे भीमगीत येते. मग जातीच्या अभिमानाची गाणी येतात, आणि एखाद वेळी आपल्याला शिवीगाळ करणारी चित्रफीतही येते. कारण माणूस रागानेही थांबतो. यंत्राला जात नसते. पण जातीने बांधलेल्या लाखो माणसांच्या सवयी ते मोजते आणि त्याच सवयी आपल्या पुढ्यात परत वाढते.

या तिन्ही आवडी वेगवेगळ्या आहेत असे अजूनही कोणाला वाटत असेल, तर त्याने मे २०१५ मधली शिर्डीची घटना आठवावी. तेथे एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. त्याच्या मोबाइलवर बाबासाहेबांचे गाणे वाजले आणि त्यावरून मारहाणीला सुरुवात झाली, असे तक्रारीत नोंदले गेले. मोबाइल हे तंत्र, गाणे ही करमणूक, आणि ते चारचौघांत वाजवता यावे हे राजकारण. ही तिन्ही त्या एका क्षणात वेगळी काढता येत नाहीत. आमच्या तरुणालाही ती वेगळी काढता येत नाहीत. ज्याला वेगळी काढता येतात त्याची परिस्थिती तशी आहे, म्हणून येतात.

५

आता त्याने मला विचारलेल्या प्रश्नाकडे येतो.

संगणकाच्या जगात मुक्त आज्ञावलींची एक परंपरा आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ती कल्पना जाहीर केली, लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्स खुले केले. अनोळखी माणसे एकमेकांचे काम तपासतात, दुरुस्त करतात आणि ते सर्वांसाठी ठेवतात. हा मुलगाही रात्री नोकरीनंतर अशा एका आज्ञावलीतले मराठी सुधारतो. तेथे तो आडनाव लिहीत नाही. गावाच्या नावाला 'कर' जोडून त्याने एक सही केली आहे. तो मला म्हणाला, 'सर, तिथं मला कुणी पूर्ण नाव विचारलं नाही. फक्त काम बघितलं.' मी म्हणालो, 'तू नाव लपवलंस म्हणून विचारलं नाही.' तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, 'मग लिहू का सर? हापिसातले लोकही ते बघतात.'

मला उत्तर देता आले नाही. आडनाव झाकणे म्हणजे नकाराची हिंमत नसणे, असे मी व्याख्यानांतून सांगत आलो आहे. पण माझी नोकरी कायम आहे. त्याची करारावर आहे, आणि तीन महिन्यांच्या सूचनेवर ती जाऊ शकते. त्याच्या पगारावर आजीचे औषध चालते आणि दोन वर्षांपासून आईची ऊसतोड बंद आहे. दुसऱ्याच्या भाकरीवर उभे राहून बाणेदारपणाचा उपदेश करणे सोपे असते. बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले की जात ही श्रमांची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे. ती काचेच्या इमारतीतही आहे. तो सांगत होता, 'आमच्या मजल्यावर फरशी पुसणाऱ्या मावशी आपल्याच आहेत सर. त्यांना माझं आडनाव माहीत आहे. बाजूच्या टेबलाला नाही.'

मी त्याला इतकेच म्हणालो, 'लिहायचं की नाही ते तू ठरव. लिहिलंस आणि काही झालं, तर मला पहिला फोन कर. नाही लिहिलंस तरी मी तुला भित्रा म्हणणार नाही.' हे उत्तर अपुरे आहे, याची मला जाणीव आहे. ते पुरे करणे एका शिक्षकाच्या हातचे नाही, संघटनेच्या हातचे आहे. कंपन्यांत काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींना कायदेशीर सल्ला देणारी, नोकरी गेली तर चार महिने आधार देणारी व्यवस्था आपल्याकडे किती ठिकाणी आहे? जयंतीच्या ध्वनिक्षेपकावर होणाऱ्या खर्चाचा चौथा हिस्सा तिच्यासाठी बाजूला काढता येणार नाही काय?

शिक्षक मित्रांना माझे सांगणे साधे आहे. आपल्या महाविद्यालयातल्या संगणकांचे कुलूप उघडून घ्या. आपले लेखन, भाषणे, ठराव यापुढे युनिकोडमध्येच टंकून ठेवा आणि जुने अंक तसे करून घेण्याचे काम या मुलांकडे सोपवा. योग्य मोबदला देऊन सोपवा, फुकट नव्हे. आणि मोबाइलमध्ये तोंड घालून बसलेल्या पोराला रागावण्याआधी त्याच्याशेजारी बसून विचारा, काय वाचतोस, काय ऐकतोस, आणि ते तुझ्यापर्यंत कोणी आणले?

गेल्या महिन्यात त्याने वस्तीतल्या मुलांसाठी शिष्यवृत्तीची माहिती देणारे एक पान तयार केले. त्यात मदत मागण्याचा अर्ज आहे. नाव, गाव, इयत्ता आणि फोन, एवढ्याच चौकटी. त्याच्या आईने विचारले, 'आडनाव कुठं लिवायचं रं?' तो म्हणाला, 'आये, शासनाला लागतं ते शासनाच्या अर्जात लिहितील. मदत मागायला कशाला पाहिजे?'